तिघांचं एकमत

"काकू, तुमच्या गटातलं एक नाव काढावं लागणार," शाल्मली म्हणाली.

लॅपटॉपच्या चौकटीत तिचा चेहरा ओढलेला दिसत होता. मागं पुण्यातल्या त्यांच्या संस्थेचं कपाट, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवलेले रेकॉर्डर. मी नुकतीच आमच्या जैन मंदिरातून आले होते. कपाळाला लावलेलं अभिषेकाचं गंधोदकसुद्धा वाळलं नव्हतं. रोज दर्शनाला गेलं की देवासमोर उभं राहून मी त्या दिवसापुरता एखादा नियम घेते. आज मीठ नाही, आज दुपारपर्यंत मौन, असं काहीतरी साधं. त्या दिवशीचा नियम होता, कुणाला दुखवेल असं बोलायचं नाही. आणि घरात पाय ठेवते तो हे.

"कुणाचं नाव?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं. गटप्रमुख तुम्ही आहात ना आता."

गटप्रमुख होऊन मला जेमतेम महिना झाला होता. कोकणात डोंगरमाथ्यावर जो सपाट कातळ असतो त्याला सडा म्हणतात. लांज्याकडच्या अशा एका सड्यावर शाल्मलीच्या संस्थेनं पावसाळाभर रेकॉर्डर लावून ठेवले होते. रात्रभर जे काही वाजेल ते त्यांत भरायचं. त्याचे मिनिटामिनिटाचे तुकडे करून संकेतस्थळावर टाकलेले होते, आणि आमच्यासारखी हौशी माणसं घरी बसून ते ऐकायची. ऐकून एक बटण दाबायचं. बेडूक, पक्षी, पाऊसवारा किंवा माणूस. प्रत्येक तुकडा तिघांनी ऐकायचा. तिघांचं एकमत झालं की तुकडा संपला, पुन्हा कुणाला ऐकू यायचा नाही. एकाचं जरी वेगळं पडलं तरी तो परत गटात फिरायला लागायचा.

माझ्या मुलानं मला याची वाट दाखवली होती. चातुर्मासात बाहेर जाणं कमी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकलेलं, मग घरात करायचं काय. मला ते ऐकणं आवडलं. सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्यासारखं वाटायचं. डोळे मिटायचे आणि ऐकायचं. कधी पिंपात खडे टाकल्यासारखा आवाज, कधी कुणी दाराची कडी हळू हळू हलवतंय असा. माझी उत्तरं बहुधा इतरांशी जुळायची, म्हणून संस्थेनं मला निवडलं आणि स्वयंसेवकांसाठीच्या नेतृत्व विकासाच्या वर्गात घातलं. शनिवारी दुपारी तो ऑनलाइन भरायचा. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, चूक दाखवताना आधी कौतुक करा, मग चूक सांगा, मग पुन्हा कौतुक करा. मी वहीत लिहून घ्यायची. हे शेजारून म्हणायचे, "आता नेता झालीस, मिरजेतून तिकीट घे."

"काकू, ऐकताय ना?" शाल्मली म्हणाली. "बाकी सगळ्या गटांचे तुकडे संपत आले. तुमचे अडकलेत. कुणीतरी मुद्दाम उलट उत्तर देतंय. फाल्गुनात सुनावणी आहे. सड्यावर जांभ्या दगडाची चिरेखाण होऊ द्यायची की नाही ते त्यात ठरणार. सड्यावर काय काय जगतं त्याची आपली यादी तिथं द्यायचीय. अर्धवट काम कुणी घेणार नाही."

"मी बघते."

"आणि तो जो कुणी असेल, त्याला बंद करायचं. मला वाईट वाटतंय, पण इलाज नाही."

गटप्रमुखाला कुणी काय उत्तर दिलं ते दिसायचं. दुपारी मी अडकलेले तुकडे उघडून बसले. पहिला ऐकला. पावसाची रिपरिप, मग चपलांचा चिखलातला आवाज, आणि मग तो मुलगा.

आमच्या गटात सगळ्यांना तो आवाज माहीत होता. रेकॉर्डरची बॅटरी बदलायला जाणारा कुणी गावातला मुलगा. यंत्र पुन्हा सुरू केलं की त्यात जागेचं नाव सांगायचा. "वरची टाकी. बॅटरी बदलली. पाऊस हाय बारीक. हं." कधी धाप लागलेली, कधी तोंडात काहीतरी चघळत. शेवटी ते "हं" मात्र ठरलेलं. आपण ऐकलं की लगेच 'माणूस' हे बटण दाबायचं. माणसाचा आवाज आला की तो तुकडा नियमाप्रमाणे पुसून टाकत, कुणाचं खासगी बोलणं जगासमोर राहू नये म्हणून.

दुसरा अडकलेला तुकडा उघडला. तोच मुलगा. तिसरा उघडला, त्यातही तोच. बेडकांचा एकही तुकडा अडकला नव्हता. जिथं जिथं तो बोलत होता तेवढेच अडकले होते, आणि प्रत्येक ठिकाणी कुणा एकानं 'पाऊसवारा' म्हटलं होतं.

तो 'मेकॅनिक' होता.

मला खरंच धक्का बसला. खरं नाव लावायची सक्ती नव्हती, त्यामुळं हा मनुष्य मेकॅनिक एवढ्याच नावानं गटात होता. सगळ्यांत जास्त तुकडे तोच ऐकायचा. पहाटेपासून बसलेला असायचा. आणि गटातल्या गप्पांत त्याच्याइतकं हसवणारं कुणी नव्हतं. मी गटप्रमुख झाल्याचं कळल्यावर त्यानं लिहिलं होतं, "प्रमुखबाई, हे बेडूक सगळे रात्रीचे जेवतात. तुमच्या गटात कसे चालतात?" मी एकटीच हसले होते त्या दिवशी स्वयंपाकघरात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला कॉलवर बोलावलं. वर्गात शिकवलेलं सगळं आठवून ठेवलं होतं. पडद्यावर आला तो माझ्याच वयाचा गृहस्थ. दाढीचे खुंट पांढरे, अंगात खाकी शर्ट, मागं मातीची भिंत आणि भिंतीला टेकवलेली कोयती.

"नमस्कार प्रमुखबाई," तो म्हणाला. "आज स्वतः देवीचं दर्शन. काय गुन्हा झाला?"

"नमस्कार. तुम्ही फार मनापासून ऐकता. गटात तुमच्याइतकं कुणीच ऐकत नाही."

"हां. म्हणजे आता शिव्या येणार."

पुढचं कौतुक नंतर करायचं होतं, ते आत्ताच संपवून टाकावं असं वाटलं.

"भाऊ, काही तुकड्यांत माणूस बोलतोय आणि तुम्ही पाऊसवारा म्हणताय."

"असेल. कान म्हातारे झाले. एसटीच्या डेपोत जन्म गेला इंजिनाखाली. वारा आणि माणूस सारखाच वाटतो आता."

"बेडकांत तुमची एकही चूक नाही."

"बेडूक मोठ्यानं ओरडतो."

"तो मुलगा चांगला स्पष्ट बोलतो. बॅटरी बदलली म्हणतो."

त्याचं हसू तसंच होतं, पण त्यातलं काहीतरी गेलं. त्यानं फोन थोडा जवळ घेतला.

"तुम्हाला नीट ऐकू येतो तो?"

"रोज."

"कसा वाटतो?"

मला प्रश्न कळला नाही. तरी उत्तर दिलं. "घाईत असतो. पण गोड आहे. आणि शेवटी हं म्हणतो."

"ते हं त्याच्या आईचं," तो म्हणाला. "ती प्रत्येक बोलण्याला हं लावायची. ती गेली तेव्हा हा सातवीत होता. खोड राहिली."

त्यानं कॅमेऱ्याकडं न बघता सांगितलं. त्याचं नाव बाबाजी रहाटे. मुलगा सुयोग. भादव्यात ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तालुक्याला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले लेप्टो आहे, चिखलपाण्यातून होतो, उशीर झालाय. भाताच्या खाचरातून चालत सड्यावर जायची वाट होती, पायाला चिरा पडलेल्या असायच्या. कुठून काय झालं कोण सांगणार. "दिवसकार्याला पुण्याच्या बाई आल्या होत्या. माझ्या पोरीला सांगून गेल्या, त्याचं काम वाया जाणार नाही, लोक घरबसल्या ऐकतायत. पोरीनं मला फोनवर लावून दिलं. पहिल्याच दिवशी आला तो. वरची टाकी, बॅटरी बदलली."

"आणि तुम्ही काय दाबलं?"

"माणूस. दुसरं काय. आणि मग कळलं की माणूस म्हटलं की पुसतात."

बाहेर कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी "येतो रे" म्हणून उत्तर दिलं, पण उठले नाहीत.

"मी पुण्याला सांगते," मी म्हणाले. "शाल्मलीला सगळं काढून द्यायला सांगते. सगळे आवाज एकत्र, तुमच्या फोनमध्ये. ती नाही म्हणणार नाही. मग तुम्हाला हवं तेव्हा ऐका."

"नको."

"का?"

"फोनमध्ये ठेवला की तो मेलेल्या माणसाचा आवाज झाला, ताई. तसे लोक ठेवतात. फोटो लावतात, हार घालतात. हिथं कसं, मी बसतो, बेडूक येतात, पाखरं येतात, मध्येच तो येतो. कधी येईल ते ठाऊक नसतं. चार दिवस येत पण नाही. आला की बॅटरी बदलतो आणि जातो. हिथं तो अजून कामावर आहे."

मी हात जोडून बसले होते, ते मला नंतर कळलं.

"कामावर असताना मी त्याला काय बोललो नाही असं नाही," ते म्हणाले. "बेडकांची बॅटरी बदलणारा म्हणायचो चारचौघात. तो हसायचा. मला म्हणायचा, बाबा, खाण आली तर तुमची एसटी पण वर यायची नाही, धूळच येईल. सडा राहिला पाहिजे, हं."

आता मला सांगावंच लागणार होतं. वर्गातल्या बाईंनी याच्यासाठी काही दिलेलं नव्हतं.

"रहाटेभाऊ, हे तुकडे अडकले म्हणून आपलं काम अर्धवट आहे. फाल्गुनात सुनावणी आहे. सड्याची यादी पुरी झाली नाही तर ती घेणार नाहीत."

"कुठली सुनावणी?"

त्यांना ते ठाऊक नव्हतं. गटात आम्ही बेडकांच्या आवाजावर बोलायचो, चिरेखाणीचं कुणी काढलंच नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत असताना त्यांनी भिंतीवरची कोयती उचलली, पात्यावरून अंगठा फिरवला, परत तशीच टेकवून ठेवली.

"म्हणजे मी त्याला धरून ठेवलाय, आणि त्याचा सडा घालवतोय."

"असं नका म्हणू."

"मग कसं म्हणू? तुम्हीच म्हणा दुसरं काहीतरी."

मी वर्गाची वही मिटून बाजूला सारली.

"पुण्याला सांगा माझं नाव," ते म्हणाले. "काढून टाका. तुमची बाकीची माणसं सरळ उत्तर देतील. संपेल."

"सांगणार तर आहेच. मी खोटं बोलत नाही. पण काढायचं की नाही ते मी तिला सांगेन. प्रमुख मी आहे."

त्यावर ते पहिल्यांदा खरे हसले. "आता वाटल्या प्रमुखबाई."

संध्याकाळी मी शाल्मलीला फोन केला. सगळं सांगितलं.

"सुयोगचे वडील?" ती म्हणाली. "काकू, मी त्याला कामावर घेतलं होतं. गमबूट पाठवते म्हणाले होते. पाठवलेही. तो म्हणाला, कातळावर घसरतात, चप्पलच बरी." मग तिचा श्वास ऐकू आला. "मी त्याचे तुकडे ऐकत नाही. म्हणून तुम्हाला दिले सगळे. तुमच्या गटाला."

"आता ऐकशील?"

"म्हणजे?"

"तिघं लागतात ना एकमताला. मी आहे. रहाटेभाऊ आहेत. तिसरी तू ये. परक्यांनी कशाला संपवायचा तो."

त्या वेळी मला हे नेतृत्व वगैरे काही वाटलं नव्हतं. घरात कुणी गेलं की घरातल्यांनी पाणी द्यायचं असतं, एवढंच डोक्यात होतं. शाल्मली म्हणाली, "उद्या दुपारी."

मग आम्ही रोज दुपारी बसलो. पौष संपत आला होता. तिघं तीन गावांतून, पडद्यावर तीन चौकटी. शाल्मलीनं अडकलेले तुकडे आम्हा तिघांपुरते उघडे केले. एक तुकडा लावायचा, पूर्ण ऐकायचा, मग प्रत्येकानं उत्तर द्यायचं. पहिल्या दिवशी तुकडा संपला तरी रहाटेभाऊंचं बोट हलेना. मी मोठ्यानं म्हणाले, "माणूस." शाल्मलीनं म्हटलं, "माणूस." मग खूप वेळानं तेही म्हणाले, "माणूस," आणि दाबलं. तुकडा पडद्यावरून गेला.

तेव्हापासून तसंच ठरून गेलं. आधी मी, मग ती, मग ते.

रोज मी मंदिरात एकच नियम घेऊ लागले, की आज तिथं मी रडणार नाही. तो दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा मी दुसऱ्या दिवशी उपास केला. ते मात्र ऐकताना नवीन नवीन सांगायचे. "हे बघा, शेंगदाणे खातोय. खिशात घेऊन जायचा." "हे बघा, मागं मोत्या भुंकला. कुत्रा घेऊन गेला आणि रेकॉर्डरात भरला, अक्कल आहे का." एकदा सुयोग पावसात कुठल्याशा आरतीची चाल गुणगुणत होता आणि बॅटरीचं सांगायचं विसरूनच गेला. शाल्मली हसली. हसता हसता तिनं आपला आवाज बंद केला आणि चौकटीत फक्त तिचे केस दिसत राहिले.

"बाई," रहाटेभाऊ तिला म्हणाले, "तुम्ही बूट पाठवलेत ते माळ्यावर आहेत. नवे आहेत. दुसऱ्या कुणाला हवे असतील तर न्या."

तिनं मान हलवली.

"एखादा ठेवू या का, भाऊ?" मी एकदा विचारलं. "एकच. पुसू नये असा."

"नको," ते म्हणाले. "एक ठेवला की बाकीच्यांचं काय?"

सुनावणीचं काय झालं ते इथंच सांगते. ती दोनदा पुढं गेली. शेवटी यादी घेतली गेली. सड्याचा वरचा भाग वाचला. खालच्या अंगाला खाण झाली आणि चिऱ्याचे ट्रक चालू झाले. रहाटेभाऊंनी मला फोनवर तेवढंच सांगितलं, "अर्धा राहिला." त्यापुढं ते वर्षभरच होते. आज या सगळ्याला बरीच वर्षं झाली. संस्थेनं मला नव्या गटप्रमुखांसमोर बोलायला दोन वेळा बोलावलं. अवघड स्वयंसेवकाला कसं हाताळावं, असा विषय होता. मी गेले नाही. हाताळलं असं काही मी केलं नव्हतं.

शेवटच्या तुकड्याच्या दुपारी शाल्मलीनं आधीच सांगितलं, "काका, हा शेवटचा आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. अंगात धुतलेला पांढरा शर्ट होता. शेजारी त्यांची मुलगी येऊन बसली होती, नुसतीच, काही न बोलता.

शाल्मलीनं तुकडा लावला. पाऊस नव्हता. बेडूक मात्र भरपूर होते, एकमेकांवर चढून ओरडत असलेले. मग चप्पल. मग यंत्राचा खटका. मग सुयोग, आणि या वेळी आवाज जड, घसा बसलेला. "वरची टाकी. बॅटरी बदलली." मध्ये थांबला. श्वास घेतला. आम्ही तिघंही त्याच्या 'हं'ची वाट बघत होतो. ते आलं नाही. चपलांचा आवाज लांब गेला आणि बेडूक उरले.

"ताप होता तेव्हा," रहाटेभाऊ म्हणाले. "मला म्हणाला, वर जाऊन आलो बाबा, बरा आहे मी."

मी म्हणाले, "माणूस."

शाल्मली म्हणाली, "माणूस."

ते बघत राहिले. त्यांच्या मुलीनं त्यांच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच बाजूला केला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"माणूस," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

तुकडा गेला. संकेतस्थळ कुणाची वाट बघत नाही, लगेच पुढचा तुकडा समोर आला. तीच जागा, वरची टाकी, त्याच रात्रीचं पुढचं मिनिट. शाल्मली बंद करायला गेली.

"असू दे," रहाटेभाऊ म्हणाले.

ते संपूर्ण मिनिट आम्ही ऐकलं. त्यात कुणी बोलत नव्हतं. त्यानं चालू करून ठेवलेलं यंत्र नुसतं ऐकत होतं.

"बेडूक," ते म्हणाले. या वेळी आमच्या आधी.